अपलोड झालेल्या सीएसव्ही फाईलमधून ऑब्जेक्ट कसे घडवावेत: केळी खरेदीच्या फाईलवरून एक उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. रावेर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी तुम्ही वेब ॲप करताय. पाच खरेदी केंद्रांवरून रोज केळी खरेदीची सीएसव्ही फाईल, म्हणजे कॉमाने कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाईल, अपलोड होते. तुम्ही ओळ वाचता, कॉमावर तोडता आणि ‘खरेदी’ क्लासचा, म्हणजे खरेदीच्या नोंदीच्या साच्याचा, ऑब्जेक्ट भरता. बहुतेक ओळी नीट येतात, पण काहींमध्ये कॉलम सरकतात. एका केंद्राच्या फाईलमध्ये तर मराठी अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. शेवटी तुम्ही विचारलंय की कॉलमची नावं वाचून कुठल्याही क्लासचा ऑब्जेक्ट आपोआप भरणारा एक जनरिक पार्सर (फाईल वाचून तिची फिल्डं वेगळी करणारा सर्वसाधारण कोड) लिहावा का, आणि कोणती लायब्ररी, म्हणजे आयता कोड, घ्यावी.

मी जळगावात १७ वर्षं हेच काम करते. जिनिंग, डाळ मिल, केळीचे व्यापारी, ठिबकची दुकानं, सगळ्यांच्या फाईली माझ्याकडे येतात. त्या अनुभवावरून सांगते: लायब्ररीचा प्रश्न पाच मिनिटांचा आहे. खरा प्रश्न असा की केंद्रावर बसलेल्या माणसाने भरलेला मजकूर कुठल्या टप्प्यावर ‘खरेदी’ म्हणून मान्य करायचा, आणि मान्य नसेल तर नेमकी कोणती ओळ कशामुळे अडली हे त्या माणसाला कसं कळवायचं.

आधी सरकलेल्या कॉलमचं बघू. तुमच्यासारख्याच फाईलमधली एक ओळ अशी असते:

पावती क्र.,दिनांक,सभासद क्र.,पत्ता,गट क्र.,प्रकार,वजन,भाव
१०४,०५/०६/२०२४,००३१७,"मु. पो. चिनावल, ता. रावेर",१२/२,नवती,"२,३४५.५०",१८५०

कॉलम आठ आहेत. कॉमावर तोडलं की तुकडे दहा होतात, कारण पत्त्यात एक कॉमा आहे आणि वजनात एक. मग वजनाच्या जागी ‘नवती’ हा केळीचा प्रकार येतो आणि भावाच्या जागी डबल कोट लागलेला २. एखाद्याने वर शहाणपणा करून कोट काढून टाकले, तर भाव २ रुपये क्विंटल म्हणून निमूट साठवला जातो. त्या फिल्डपुरती एररसुद्धा येत नाही.

सीएसव्हीचे नियम २००५ साली आरएफसी ४१८० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहून ठेवलेत. फिल्डमध्ये कॉमा, डबल कोट किंवा नवी ओळ असेल तर ते फिल्ड डबल कोटमध्ये ठेवायचं, आणि आतला प्रत्येक कोट दोनदा लिहायचा. म्हणजे कोटच्या आत एंटरसुद्धा चालतो. एक्सेलमध्ये शेऱ्याच्या कॉलममध्ये ऑल्ट-एंटर मारणारे लोक आहेतच, तेव्हा फाईल ओळीओळीने वाचून मग तोडणं हे मुळातच चुकतं. हे काम स्वतः लिहू नका. पायथॉनमध्ये भाषेबरोबर येणारं सीएसव्ही मोड्यूल, जावामध्ये अपाची कॉमन्स सीएसव्ही किंवा ओपनसीएसव्ही, सी शार्पमध्ये सीएसव्हीहेल्पर, पीएचपीमध्ये एफगेटसीएसव्ही, जावास्क्रिप्टमध्ये पापापार्स. तुमची भाषा जी असेल तिच्यातलं घ्या. लायब्ररीच्या निवडीबद्दल याहून जास्त विचार करायची गरज नाही.

पण लायब्ररी बसवली म्हणजे निर्धास्त झालो असंही नाही. हे मला अमळनेरच्या बाजूच्या एका कापूस खरेदीच्या फाईलने शिकवलं. त्यांच्याकडे एक जुना डेस्कटॉप प्रोग्रॅम होता, तो फिल्डं नुसती कॉमाने जोडून फाईल बनवायचा. केंद्रावरचे दिवाणजी वहीत लिहितात तसंच संगणकातही लिहायचे: गाव वरच्याच ओळीतलं असेल तर खाली नुसती ‘"’ खूण, म्हणजे ‘वरीलप्रमाणे’. पावती, गाव आणि क्विंटल एवढेच कॉलम घेतले तर फाईल अशी:

२११,मारवड,८.४०
२१२,",६.१५
२१३,",९.७०
२१४,",७.२५
२१५,",५.९०

आता हे नियमाने वागणाऱ्या पार्सरच्या नजरेने वाचा. २१२ च्या ओळीत गावाच्या जागी कोट उघडला. तो बंद होतो थेट २१३ च्या ओळीतल्या कोटवर. मधलं सगळं, त्यात ६.१५, ओळीचा शेवट आणि २१३ हा पावती क्रमांकसुद्धा, गावाच्या फिल्डमध्ये गेलं. पुढचा कॉमा, आणि मग ९.७०. म्हणजे तयार झालेल्या रेकॉर्डमध्ये पावती २१२ ची आणि वजन २१३ चं. फिल्डं मोजली तर बरोबर तीन! २१४ आणि २१५ चंही तसंच. पाच पावत्यांच्या तीन झाल्या, ३७.४० क्विंटलचे २४.०० क्विंटल झाले, आणि माझ्या प्रोग्रॅमने ‘फाईल यशस्वीरीत्या अपलोड झाली’ असा हिरवा संदेश दिला.

मी त्यांना फोन करून सांगितलं की फाईलमध्ये गडबड आहे. दिवाणजींचं उत्तर अजून कानात आहे: “मनी फाईल बराबर शे. कोनती ओय चुकनी ते सांग, ताई.” कोणती ओळ चुकली ते सांग. मला ते सांगता येत नव्हतं, कारण ऑब्जेक्ट तयार झाल्यावर तो कुठल्या ओळीतून आला हे मी फेकून दिलं होतं. त्या दिवसापासून दोन गोष्टी मी सोडत नाही. एक, प्रत्येक रेकॉर्डबरोबर त्याचा क्रमांक आणि मूळ मजकूर शेवटपर्यंत चालत येतो. दोन, शेरा सोडून कुठल्याही फिल्डमध्ये ओळ तुटलेली दिसली तर ते रेकॉर्ड नाकारायचं.

क्रमांकाबद्दल एक बारीक गोष्ट. फाईलमधली भौतिक ओळ आणि एक्सेलमध्ये डावीकडे दिसणारा रो नंबर हे वेगळे असू शकतात. ऑल्ट-एंटर असलेली रो एक्सेलमध्ये एकच असते, फाईलमध्ये दोन ओळी असते. केंद्रावरचा माणूस एक्सेलच उघडणार, म्हणून रेकॉर्ड मोजा, हेडर (कॉलमच्या नावांची ओळ) धरून, आणि तो आकडा दाखवा. काही लायब्रऱ्या मधल्या रिकाम्या ओळी गुपचूप गाळतात. पायथॉनच्या सीएसव्ही मोड्यूलमधला डिक्टरीडर तसं करतो. मग पुढचे सगळे क्रमांक एकाने मागे पडतात. म्हणून मी साधा रीडर वापरते आणि रिकामी रो स्वतः ओळखते.

आता तुमची प्रश्नचिन्हं. बिघडलेली मराठी तीन प्रकारची असते आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर नुकसान तुमच्याकडे येण्याआधीच झालंय. एक्सेलमध्ये सेव्ह करताना ‘सीएसव्ही, कॉमा डिलिमिटेड’ हा जुना पर्याय निवडला की विंडोजच्या जुन्या कोडपेजमध्ये, म्हणजे मोजक्याच अक्षरांच्या तक्त्यात, फाईल लिहिली जाते. त्यात देवनागरी बसतच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. ते परत आणता येत नाही. त्या केंद्राला ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ (सगळ्या लिप्या मावणारी यूनिकोडची मांडणी) हा पर्याय निवडायला सांगा, आणि तुमच्या बाजूने गावाच्या किंवा पत्त्याच्या फिल्डमध्ये सलग प्रश्नचिन्हं आली तर पूर्ण फाईल परत करा.

दुसरा प्रकार: वर तिरकी रेघ असलेला लॅटिन ए, शेजारी चलनाची छोटी गोल खूण, आणि हीच जोडी पुन्हा पुन्हा. इथे फाईल चांगली आहे, वाचणारा चुकतोय. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तीन बाइट घेते, आणि पहिला बाइट नेहमी तोच असतो. तो एकबाइटी कोडपेजने वाचला की ही जोडी दिसते. वाचताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे असं स्पष्ट सांगा, काम झालं.

तिसरा प्रकार: लॅटिन अक्षरांचा निरर्थक गोळा. हा आपल्याकडचा खास वारसा आहे. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाईप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत साठवलेले कोड लॅटिनचेच असतात. सीएसव्हीमध्ये फाँट जात नाही, म्हणून बुरखा उतरतो. यासाठी त्या त्या फाँटचा कन्व्हर्टर लागतो, आणि तो अपलोडच्या वाटेत बसवू नये. एकदा बाजूला चालवायचा, डोळ्यांनी तपासायचा आणि मग यूनिकोड फाईल घ्यायची.

माझा क्रम असा आहे: सुरुवातीच्या तीन बाइटांत यूटीएफ-८ ची खूण, म्हणजे बॉम, आहे का बघायचं आणि असेल तर काढायची. मग पूर्ण फाईल कडक नियमाने यूटीएफ-८ म्हणून वाचायची. एक जरी बाइट बसला नाही तर थांबायचं. ‘चुकलेले बाइट दुर्लक्षित करा’ हा पर्याय प्रत्येक भाषेत असतो, तो वापरू नका. त्याने एरर जाते आणि नावातलं अक्षरही जातं. बॉम काढला नाही तर काय होतं हे एकदा अनुभवलंत की लक्षात राहतं. पहिल्या कॉलमचं नाव ‘पावती क्र.’ पडद्यावर अगदी तसंच दिसतं, तरी प्रोग्रॅम म्हणतो असा कॉलम नाही. लांबी छापा. दहा यायला हवी, अकरा येते.

हेडर जुळवताना स्थानावर जाऊ नका, नावावर जा. आणि नावं एकसारखी येणार नाहीत हे गृहीत धरा. एका केंद्राकडून ‘सभासद क्र.’ येईल, दुसऱ्याकडून ‘सभासद नं’, तिसऱ्याकडून ‘मेंबर नंबर’. प्रत्येक फिल्डसाठी मान्य नावांची एक यादी ठेवा. यादीबाहेरचं नाव आलं तर अंदाज बांधू नका, अडवा आणि विचारा. हेडर पहिल्याच ओळीत असेल असंही नाही, वर ‘केळी खरेदी हंगाम’ असं शीर्षक असतं. मी पहिल्या दहा ओळींत आवश्यक कॉलम असलेली ओळ शोधते. आणि तळाशी ‘एकूण’ची ओळ असते. बरेच जण ती गाळतात. मी ती जपून ठेवते, कारण केंद्राने स्वतः केलेली बेरीज म्हणजे फुकट मिळालेला ताळा आहे.

नावांची हीच गोष्ट मजकुरालाही लागू आहे. ‘बऱ्हाणपूर’ हा शब्द घ्या. रावेरच्या फाईलमध्ये तो येणारच, भावासाठी सगळे तिकडे बघतात. यातला अर्धा र यूनिकोडमध्ये तीन तऱ्हेने लिहिलेला मी पाहिलाय. ऱ हे एक अक्षर आणि हलन्त, किंवा साधा र, त्याखाली नुक्ता आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही जवळजवळ सारखे, तुलना केली तर तिन्ही वेगळे. यूनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन पहिले दोन एक करतं. तिसरा तुम्हालाच बदलावा लागतो. शिवाय व्हॉट्सॲपवरून किंवा वेबपेजवरून चिकटवलेल्या मजकुरात न तुटणारी स्पेस असते. कडेच्या स्पेस काढणारी जावाची ट्रिम आणि स्ट्रिप ही दोन्ही फंक्शनं तिला हात लावत नाहीत, पायथॉनची स्ट्रिप काढते.

गाव-तालुक्यांसाठी पर्यायी नावांचं टेबल ठेवाच. मुक्ताईनगरला जुन्या फाईलमध्ये एदलाबाद म्हटलेलं असतं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, तरी शहादा आणि तळोद्याच्या जुन्या सभासद याद्यांमध्ये जिल्हा धुळेच असतो. त्या याद्या भरणाऱ्यांनी चूक केलेली नाही, त्यांच्या काळात तेच बरोबर होतं.

आता मुख्य मुद्द्यावर येते, मजकुरातून ऑब्जेक्ट. तुम्ही ओळीतून थेट ‘खरेदी’ ऑब्जेक्ट करताय, मी मध्ये एक पायरी ठेवते. आधी ‘कच्ची ओळ’: सगळी फिल्डं स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, सोबत रेकॉर्ड क्रमांक. मग तपासणी: प्रत्येक फिल्ड आपापल्या नियमाने बदलायचं आणि चुका गोळा करायच्या. पहिल्या चुकीवर थांबायचं नाही, कारण माणसाला एकाच फेरीत सगळ्या चुका कळल्या पाहिजेत. एकही चूक नसेल तेव्हाच ‘खरेदी’ ऑब्जेक्ट जन्माला येतो. अर्धवट भरलेली, रिकाम्या तारखेची ‘खरेदी’ प्रोग्रॅममध्ये अस्तित्वातच येऊ देऊ नका. मग पुढच्या कोडला प्रत्येक ठिकाणी ‘हे रिकामं तर नाही ना’ असं विचारत बसावं लागत नाही.

फिल्डनिहाय माझे नियम सांगते.

सभासद क्रमांक, मोबाईल, खाते क्रमांक, गट क्रमांक हे आकडे दिसले तरी आकडे नाहीत. त्यांची कधी बेरीज करणार आहात का? मग ती स्ट्रिंगच. पायथॉनच्या पांडास लायब्ररीने फाईल वाचलीत आणि प्रकार सांगितला नाहीत, तर ००३१७ चे ३१७ होतात, आणि मोबाईलच्या कॉलममध्ये एक जरी जागा रिकामी असेल तर सगळे मोबाईल दशांश होऊन शेवटी ‘.०’ लागतं. पण यातलं बरंच नुकसान एक्सेलमध्येच होऊन येतं. एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूक असतो, १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. बारा अंकी आकडा साध्या सेलमध्ये ‘१.२३ई+११’ असा दिसतो आणि सीएसव्हीत तसाच, कापलेला, लिहिला जातो. म्हणून खाते क्रमांकात ‘ई’ आणि अधिक चिन्ह आलं की सरळ नाकारायचं. बँक शाखेच्या आयएफएससी कोडचा पाचवा वर्ण नेहमी शून्य असतो, लोक तिथे ‘ओ’ अक्षर टाकतात, तेही इथेच पकडा. आधार क्रमांकाचा कॉलम खरेदीच्या फाईलमध्ये असेल तर तो काढूनच टाका, या कामाला त्याची गरज नाही.

गट क्रमांक हा आपल्याकडचा सगळ्यात नाजूक कॉलम. ‘१२/२’ टाईप केलं की एक्सेल त्याची तारीख करतो, १२ फेब्रुवारी. ‘११२/३’ मात्र तसाच राहतो, कारण तशी तारीख नसते. म्हणजे कॉलमभर तपासलं तर दहातले आठ बरोबर दिसतात आणि दोन ठिकाणी फेब्रुवारी असतो. हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. मानवी जनुकांची मार्च आणि सेप्ट अशी सुरुवात असलेली नावं एक्सेल तारखांमध्ये बदलत होता, म्हणून २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने ती नावंच बदलली. आपल्याला सातबाऱ्यावरचा गट बदलता येणार नाही. फेब्रुवारीवरून उलट १२/२ करायचा मोह होईल. दिवस-महिना क्रमाच्या मशिनवर ते जमेलही, पण अमेरिकन सेटिंगच्या मशिनवर १२/२ चा २ डिसेंबर होतो आणि तुम्ही शेतकऱ्याच्या नावावर गट क्रमांक २/१२ लिहाल. उलट फिरवू नका. ओळ अडवा, कागद बघून भरायला सांगा.

तारखेसाठी एकच रूप मान्य करा, दिवस/महिना/वर्ष, वर्ष चार अंकी. आणि वाचणारा कडक ठेवा. जावाचा जुना सिंपलडेटफॉर्मॅट आपणहून ढिला असतो, ३१ जून दिला तर १ जुलै करून देतो. रूप बरोबर असूनही तारीख चुकीची असू शकते: ०५/०६ हा ५ जून की ६ मे? हे मजकुरावरून कळणारच नाही, संदर्भावरून कळतं. तुमची फाईल रोजची आहे, तेव्हा खरेदीची तारीख अपलोडच्या आधीच्या सात दिवसांबाहेर असेल तर अडवा.

वजन आणि भाव: कॉमा काढा, पण आपली १,२५,००० ही मांडणी चालू द्या. फ्लोट (जवळपासची किंमत साठवणारा प्रकार) नको, डेसिमल (अचूक दशांश) घ्या. २३.४५५ क्विंटल गुणिले १,८५० म्हणजे ४३,३९१.७५ रुपये, शेतकऱ्याच्या पावतीवर पैसासुद्धा हलता कामा नये. कोणी देवनागरी अंक टाईप केले तर पायथॉनचा इंट आणि जावाचा पार्सइंट ते बिनतक्रार वाचतात, जावास्क्रिप्टचा नंबर वाचत नाही. तिथे आधी अंक बदलून घ्या. आणि एकक? वरच्या नमुन्यातलं २,३४५.५० किलोत आहे हे तुम्हाला-मला कळतं, कारण एका ट्रकमध्ये एवढे क्विंटल मावत नाहीत. प्रोग्रॅमला ते सांगावं लागतं. माझ्याकडे दोन केंद्रांपैकी एक किलोत आणि दुसरं क्विंटलमध्ये, पण एकाच ‘वजन’ कॉलममध्ये आकडे पाठवत होतं, आणि पार्सिंग निर्दोष होतं. आता हेडरमध्येच ‘वजन क्विंटल’ असं लिहिलेलं असेल तरच घेते, आणि वर एक कमाल मर्यादाही ठेवते.

‘प्रकार’ कॉलमसाठी ठरलेली यादी, म्हणजे इनम: नवती, पिलबाग, वापसी. पलीकडचं काही आलं तर ‘इतर’मध्ये ढकलू नका. वापसीचा भाव वेगळा असतो, शेतकऱ्याचे पैसे त्यावर ठरतात.

चुकीचा संदेश मी असा देते: ‘रो ४१८, दिनांक: ३१/०६/२०२४ अशी तारीख नाही, जूनला ३० दिवस असतात.’ रो, कॉलम, जे लिहिलं होतं ते, आणि काय अपेक्षित आहे. ‘अवैध इनपुट’ असा संदेश वाचून केंद्रावरचा माणूस फक्त तुम्हाला फोन करू शकतो. चुकलेल्या ओळींची फाईल परत डाउनलोडला द्या, शेवटी ‘चूक’ असा कॉलम जोडून. ती देताना =, +, - किंवा @ या चिन्हाने सुरू होणाऱ्या फिल्डच्या आधी एक एकेरी कोट लावा, नाहीतर एक्सेल ते सूत्र समजून चालवतो आणि कोणी मुद्दाम तसं काही भरलेलं असू शकतं.

पूर्ण फाईल घ्यायची की चांगल्या ओळी घेऊन बाकीच्या परत करायच्या? हे कामावर अवलंबून आहे. सभासद यादीत मी चांगल्या ओळी घेते, राहिलेल्या उद्या येतील. पैशाच्या फाईलमध्ये सगळं किंवा काहीच नाही, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. अर्धी फाईल गेली की दुरुस्त केलेली पूर्ण फाईल पुन्हा अपलोड होते आणि पहिली अर्धी दोनदा पडते. तरीही केंद्र, हंगाम आणि पावती क्रमांक या तिघांवर डेटाबेसमध्ये यूनिक बंधन, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा न घेण्याचा नियम, घाला. हंगाम त्यात हवाच, पावती पुस्तकं दर हंगामात १ पासून सुरू होतात.

साठवण्याआधी एक पडदा दाखवा: फाईलमध्ये किती रेकॉर्ड, किती मान्य, किती अडलेले, एकूण वजन, एकूण रक्कम. केंद्रावरचा माणूस ‘एकूण’शी ताळा करून होकार देईल तेव्हाच साठवा. माझ्या कापसाच्या फाईलमध्ये हा पडदा असता तर १३.४० क्विंटलचा फरक तिथेच दिसला असता. मोठ्या यंत्रणांचंही हेच होतं. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण आकडेवारीतून गळाले होते. प्रयोगशाळांच्या सीएसव्ही फाईली जुन्या एक्सेल रूपात ओढल्या जात होत्या, त्यात ६५,५३६ च्या पुढे रो मावत नाहीत, आणि उरलेल्या गुपचूप सुटल्या. आत किती आल्या आणि बाहेर किती निघाल्या, एवढं कोणी मोजलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं.

तुमच्या फाईली रोजच्या दोन-तीनशे ओळींच्या असतील, तर पूर्ण फाईल मेमरीत वाचा, काही बिघडत नाही. लाखांत गेल्या तर एकेक रेकॉर्ड वाचत जा आणि काम मागे रांगेत टाका. आज त्याची तयारी करू नका.

जनरिक पार्सरबद्दल: आत्ता लिहू नका. आठ कॉलम हाताने जोडायला पन्नास ओळी लागतील, आणि गट क्रमांकाचा नियम वाचणाऱ्याला समोर दिसेल. रिफ्लेक्शनने, म्हणजे क्लासमधली नावं प्रोग्रॅमनेच वाचून, फिल्डं आपोआप भरली की हे सगळे नियम ॲनोटेशनमध्ये (फिल्डांवर चिकटवलेल्या खुणांमध्ये) विखुरतात, आणि ‘क्लासमध्ये इंट आहे म्हणून इंट केलं’ असा निर्णय तुमच्या नकळत होतो. तीन-चार वेगळ्या फाईली आल्या की त्यांच्यात समान काय आहे ते तुम्हालाच दिसेल. माझ्या अनुभवात समान निघतो तो फाईल वाचण्याचा, हेडर जुळवण्याचा आणि चुका गोळा करण्याचा भाग. फिल्डचे नियम प्रत्येकाचे वेगळेच राहतात.

अजून एक सुचवते. केंद्रांवर सगळे एक्सेलच वापरत असतील तर त्यांच्याकडून सीएसव्ही मागूच नका, एक्सेलची स्वतःची एक्सएलएसएक्स फाईल घ्या. त्यात मजकूर यूनिकोडमध्येच असतो, प्रश्नचिन्हांचा प्रश्न मिटतो, आणि बारा अंकी आकडाही शाबूत येतो. तारखा मात्र अनुक्रमांक म्हणून येतात, ४५००० म्हणजे १५ मार्च २०२३, तेव्हा लायब्ररीलाच रूपांतर करू द्या. गट क्रमांकाची तारीख इथेही होतेच. म्हणून तुम्हीच एक कोरी फाईल बनवून द्या, ज्यात गट, सभासद आणि खाते हे कॉलम आधीच टेक्स्ट केलेले असतील. वाचून झाल्यावर तिच्याही ओळी त्याच ‘कच्ची ओळ’ रूपात आणा, पुढची तपासणी एकच राहील.

सुरुवात कुठून करायची? कॉलम सरकलेली जी फाईल तुमच्याकडे आत्ता आहे ती डिलीट करू नका. पत्ते आणि खाते क्रमांक बदलून ती टेस्टच्या फोल्डरमध्ये ठेवा, प्रश्नचिन्हांची फाईलही तिथेच. माझ्या फोल्डरमध्ये अशा ९० च्या वर फाईली आहेत, प्रत्येकीच्या नावात ती कशामुळे अडली ते लिहिलेलं आहे, आणि पार्सरमध्ये एक ओळ बदलली तरी सगळ्या पुन्हा चालतात. ‘वरीलप्रमाणे’ची फाईल त्यात पहिली आहे. वर दिलेल्या पाच ओळी तशाच्या तशा उचलून तुमच्या पार्सरला द्या आणि किती रेकॉर्ड येतात ते इथे कळवा.